गणिताच्या मॅडम गावात राहाव्यात म्हणून

१८ जून

आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष झुलाल आबांनी जानेवारीत सगळ्या स्टाफला डायऱ्या वाटल्या. पहिल्या पानावर आबांचा फोटो, दुसऱ्यावर आबांचा फोटो, तिसऱ्यावर आबांचे विचार. चौथ्या पानापासून आपण सुरू करायचं. साडेपाच महिने ही कपाटात पडून होती. आज काढली, कारण डोक्यात साचलेलं कुठेतरी ओतायला हवं. ह्यांना सांगावं तर ते केळीला पाणी द्यायला जातात. पावसातसुद्धा जातात.

पहिलं पान म्हणून रीतसर लिहिते. मी कोकिळा पाटील, वय चौपन्न, विषय मराठी, चोपड्यापासून पंधरा किलोमीटरवरच्या माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका. गणिताचे चौधरी सर मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांच्या जागेवर द्यायला आमच्याकडे काही नव्हतं.

दहावीत सत्तेचाळीस जण. चोवीस मुलगे, तेवीस मुली. गणित सध्या चित्रकलेच्या बोरसे सरांकडे. सर फळ्यावर नुसत्या हाताने असं वर्तुळ काढतात की पोरं टाळ्या वाजवतात. त्या वर्तुळाला स्पर्शिका काढायची वेळ आली की त्यांचा रक्तदाब वाढतो.

४ जुलै

जळगावला ऑफिसात जाऊन आले. साहेब मीटिंगमध्ये होते. साहेब मीटिंगमध्ये नसतील तर मीच घाबरेन. टेबलावरचा क्लार्क मात्र गोड माणूस.

"मॅडम, अभिनंदन. तुमचं पद मंजूर आहे."

"आणि माणूस?"

"माणूस भरतीच्या पोर्टलवरून येईल."

"कधी?"

"पोर्टल उघडेल तेव्हा."

तोवर संस्थेने तासिकेवर कोणी ठेवावं, असं ठरलं. जाहिरात दिली. तिघे आले. पहिला मोटरसायकलवरून उतरलाच नाही. गेटमधूनच विचारलं, "मॅडम, इथं रेंज कुठली येते?" दुसऱ्याला जळगावच्या क्लासवाल्यांनी आमच्या तिप्पट कबूल केलं होतं. तो आमच्याकडे फक्त घासाघीस करायला कागद हवा म्हणून आला होता. तिसऱ्याला शिकवून दाखवा म्हटलं तर त्याने घामाघूम होऊन रुमाल काढला.

ज्याला गणित येतं तो हिशेब करतो आणि येत नाही. जो येतो त्याला हिशेबच येत नाही.

२२ जुलै

आली. भूमिका देवरे. सव्वीस वर्षांची, एम.एस्सी., बी.एड., धुळ्याकडची, शिंदखेडा तालुक्यातली. वडील नाहीत, आई शेतात जाते. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली. मी विचारलं, इतक्या लांब का?

"पुढच्या भरतीत अनुभव धरतात, बाई. आणि शिकवायची सवय मोडू द्यायची नाही मला. नेमणुकीचं पत्र कधी मिळेल? पत्राशिवाय अनुभव धरत नाहीत."

आल्या आल्या पत्र! मी म्हटलं, "आधी चहा घ्या."

राहायची सोय सुगंधाबाईंच्या पुढच्या खोलीत केली. सुगंधाबाई एकट्या आहेत, प्रेमळ आहेत आणि गावात कुणाच्या घरी कुठली भाजी शिजली हे त्यांना वासावरून कळतं.

९ ऑगस्ट

दहावीच्या वर्गातून आरडाओरडा ऐकू आला. छडी घेऊन धावले. बघते तर मॅडम शांत उभ्या, आणि सत्तेचाळीस पोरं बाकांवर चढून ओरडताहेत, "तिसरी ओळ! तिसरी ओळ!" ही मुलगी रोज एक गणित फळ्यावर मुद्दाम चुकीचं सोडवते आणि चूक कुठे ते शोधायला लावते. मोठ्या माणसाची चूक पकडायला मिळाली तर पोरं जेवण सोडतील, हे मला सत्तावीस वर्षांत सुचलं नव्हतं.

शेवटच्या बाकावर बोरसे सर. वही घेऊन.

"मॅडम," तास संपल्यावर ते मला हळूच म्हणाले, "स्पर्शिका कळली."

माणूस एकावन्न वर्षांचा आहे. डोळे ओले होते. मी दुसरीकडे बघितलं.

दुपारी भूमिका ऑफिसात आली. दोन कामं होती. पत्र, आणि खोलीला आतून कडी. मी म्हटलं, सुगंधाबाई आईसारख्या, आईच्या घरात कडी कशाला? ती हसली नाही. या मुलीला विनोद कमी कळतो.

२६ ऑगस्ट

पत्रावर आबांची सही झाली. शिक्का मारला. आणि ते पत्र मी माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या प्रश्नपत्रिकांखाली ठेवलं.

इथे खरं लिहायला हरकत नाही. चौधरी सरांच्या आधी गणिताचे दोघे होते. दोघांना मीच हौसेने पत्रं दिली आणि ती दाखवून दोघेही वर्षभरात नाशिकला गेले. पत्र नसलेला माणूस कुठे जाणार? दिवाळीनंतर देईन. पोरगी जरा रुळू दे.

१४ सप्टेंबर

संस्थेची मीटिंग. विषय एकच, देवरे मॅडम. गावभर कौतुक आहे. आठवीतली पोरंसुद्धा म्हणतात, आम्हाला कधी? सगळ्यांना एकच धास्ती, टिकेल का? मी पगार वाढवण्याचा मुद्दा काढला. लगेच सगळ्यांना पावसाची आठवण झाली आणि दहा मिनिटं पावसावर चर्चा झाली.

मग झुलाल आबा म्हणाले, "सूनबाई, तिले आठेच सून करी टाका. मंग कथी जास ती?"

मी मुख्याध्यापिका असले तरी मीटिंगमध्ये सूनबाईच असते. पण इथलीच सून केली की जाईल कुठे, ही सूचना बिनतोड होती. गावात टंचाई दोन गोष्टींची, गणिताचे शिक्षक आणि लग्नाच्या मुली. माझा पुतण्या योगेंद्र, दिराचा मुलगा, एकतीसचा झाला. डिप्लोमा आहे, बारा एकर केळी आहे, ड्रिप आहे, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. सतरा मुली बघून झाल्या. आजच्या मुलींना केळी चालते, केळीवाला चालत नाही. देवरे आमच्यातलेच, सोयरीक जुळते. आबांनी एका वाक्यात दोन्ही दुष्काळ मिटवले.

आणि यात वावगं काय? मलाही असंच टिकवलं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी जळगावच्या मेहरूणहून एक वर्षासाठी आले होते. पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. आबांनीच ह्यांचं स्थळ आणलं. पीएच.डी. राहून गेली, मी राहिले. वाईट झालं का काही? नाही झालं. पुन्हा लिहिते, नाही झालं.

२ ऑक्टोबर

बातमी फुटली. म्हणजे सुगंधाबाईंना सांगितली.

आज मॅडमच्या खोलीवर पाच डबे आले. एक माझ्या जावेचा, बाकीचे चार ज्यांच्या घरात लग्नाचे मुलगे आहेत त्यांचे. एका डब्यात पुरणपोळी होती. शनिवारच्या शाळेनंतर ती धुळ्याची एसटी पकडते, तिथल्या लायब्ररीत बसते म्हणे, पण स्टँडवर चौघी बायका तिला सोडायला जातात आणि चौघी रविवारी संध्याकाळी आणायला. सुगंधाबाई तिच्या फोनवरही लक्ष ठेवून आहेत. म्हणाल्या, "पोर चांगली शे. आईशिवाय कोनाशी बोलत नही." इतकी काळजी माझी माहेरीसुद्धा कुणी घेतली नसेल.

भूमिका म्हणाली, "बाई, मला स्वयंपाक येतो. सगळ्यांना सांगा ना, डबे नकोत."

लाजाळू आहे.

११ नोव्हेंबर

दिवाळीनंतर परत येते की नाही, या विचाराने माझं फराळाकडे लक्ष नव्हतं. आली! पहिल्याच दिवशी ऑफिसात हजर.

"बाई, पत्र. भरतीचा फॉर्म भरायचाय. एकतीस डिसेंबर शेवटची तारीख."

"आबांची सही राहिलीय," मी म्हटलं.

हे खोटं आहे. डायरीचा त्रास हाच. तिला खोटं सांगितलं की आपलं आपल्यालाच वाचावं लागतं. पण लग्न जमलं की तिला फॉर्मचं काय करायचंय? गावातच पद मंजूर आहे. पोर्टल उघडेल तेव्हा उघडेल.

१ डिसेंबर

दिराच्या मळ्यात भरीत पार्टी ठेवली. नाव स्टाफची भरीत पार्टी, म्हणजे तिला अवघड वाटायला नको. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर हिरवी वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली. पुऱ्या, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. केळीच्या पानांवर पंगत. स्टाफ अकरा जणांचा आणि पाव्हणे चाळीस, एवढंच जरा प्रमाण चुकलं.

भूमिकाला बरोबर मधे बसवली. समोर योगेंद्र वाढायला. तो पुरी वाढायचा सोडून पाणीच वाढत राहिला, तिचा पेला वाहायला लागला. इथवर सगळं छान. मग माझी जाऊ तिच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "चष्मा लहानपनपासून शे का आता लागना?"

भूमिकाने मान वर केली. दुसरीकडून एक मावशी, "उभी राय बरं बेटा, उंची पाहू." तिसरीने जन्मवेळ विचारली. भूमिकाने सगळ्यांकडे एकदा बघितलं, मग बोरसे सरांकडे. सरांनी मान खाली घातली. शेवटी माझ्याकडे. तशा नजरेने ती फळ्यावरच्या ओळी तपासते.

"बाई," ती म्हणाली, "ही पार्टी कशाची आहे?"

"भरिताची," मी म्हटलं. माझ्या मते हे उत्तर हजरजबाबी होतं. चारपाच जण हसलेही.

तिने पान पुढे सरकवलं, हात धुतले आणि मळ्यापासून गावापर्यंत दोन किलोमीटर पायी गेली. उन्हात. आमच्याकडे मुलगी पहिल्यांदा अशीच रुसते. जाऊबाई म्हणाली, तेज आहे पोरीत.

९ डिसेंबर

योगेंद्र घरी आला. उंबऱ्यातच उभा.

"काकू, तिचं पत्र देऊन टाका."

"कुठलं पत्र?"

"तुमच्या खणातलं. बोरसे सरांनी सांगितलं."

आमच्या शाळेत प्रश्नपत्रिका फुटत नाहीत, बाकी सगळं फुटतं. मी विचारलं, तुझं काय म्हणणं आहे, मुलगी पसंत आहे ना?

"पसंतीचं नाही काकू. सतरा घरांत मी ट्रेसमोर बसलोय. त्या दिवशी पहिल्यांदा असं वाटलं की तिला धरून आणलीय. मला चालणार नाही ते."

"मग ती गेली की दहावीला तू शिकवशील?"

उंबऱ्यातूनच वळला आणि गेला. मुलगे असेच असतात, मनातलं बोलत नाहीत. एवढी तरफदारी करतो म्हणजे ओढ आहे. पत्र देईन, पण साखरपुड्याच्या दिवशी. साडीबरोबर पत्र! आबांच्या हस्ते.

२० डिसेंबर

शुभवर्तमान! आज सकाळी शाळेला निघताना डोळ्यांनी बघितलं. योगेंद्रच्या मोटरसायकलवर मागे भूमिका. चोपड्याच्या रस्त्याला. तोंडाला ओढणी बांधलेली, दोघांच्या मधे तिची मोठी बॅग. बॅग मधे ठेवली यातच संस्कार दिसतात. तीन महिन्यांचं श्रेय कुणी मला देणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

पहिल्या तासाला तिची गैरहजेरी लावली नाही. किती दिवसांनी मनापासून हसले.

२१ डिसेंबर

खोली रिकामी. सुगंधाबाईंच्या हाती धुतलेले नऊ डबे दिले आणि पाया पडून गेली. माझ्या फोनवर चार ओळी. शिरपूरकडच्या एका शाळेत रुजू झाले आहे. त्यांनी पत्र पहिल्याच दिवशी दिलं. दहावीची प्रकरणं कुठवर झाली याची यादी बोरसे सरांकडे आहे. काळजी घ्या.

योगेंद्रला बोलावलं.

"तूच पोचवलीस?"

"बॅग जड होती," तो म्हणाला.

३ जानेवारी

चोवीस मुलग्यांपैकी एकोणीस जणांना घरच्यांनी चोपड्याला क्लास लावला. सकाळच्या एसटीने जातात, शाळेत फक्त हजेरीपुरते येतात. मुलींचे बाप मला सांगतात, पस्तीस मार्क आले तरी बास, पुढे तिचं लग्नच करायचंय. आज गणिताच्या तासाला वर्गात गेले तर तेवीस मुली आणि पाच मुलगे. बोरसे सर यादीत बघून एक गणित फळ्यावर लिहितात, मग सगळे मिळून त्याच्याकडे बघत बसतात.

रूपा म्हणून एक आहे, पहिल्या बाकावरची. देवरे मॅडम यायच्या आधी तिला गणितात सात मार्क होते, सहामाहीत अठ्ठावीस. परीक्षा पुढच्या महिन्यात. तिने उठून विचारलं, "बाई, मॅडमचं लग्न इथे झालं असतं तर त्यांनी आम्हाला शिकवलं असतं का?"

"म्हणजे काय? हो!"

"पाटलांच्या घरात? सगळ्यांचं जेवण करून?"

मी म्हटलं, खाली बस. ती बसली, पण बाकीच्या बावीस माझ्याकडे बघत होत्या. मी हजेरीपट उघडला आणि झालेली हजेरी पुन्हा घेतली.

६ जानेवारी

शाळेला रजा टाकून भूमिकाच्या गावी गेले. रविवार नव्हता, पण शिरपूरच्या शाळेला तालुक्याच्या स्पर्धांची सुट्टी होती, असं योगेंद्रने सांगितलं. त्याला कसं माहीत, ते विचारलं नाही. खणातलं पत्र घेतलं. निघताना रूपाने एक दोनशेपानी वही दिली. तेवीस मुलींना अडलेली गणितं, प्रत्येकीच्या अक्षरात.

भूमिकाची आई भिकुबाई कापूस वेचून नुकत्या आल्या होत्या. ओट्यावर घोंगडी टाकली, चहा दिला. मी बोलायला सुरुवात केली. गावाचं प्रेम, आबांची तळमळ, योगेंद्रची बारा एकर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमले मास्तरीन पाहिजे व्हती का सून?"

मी म्हटलं, दोन्ही.

"बठ्ठं गाव मन्ही पोरले खावाडाले निंघनं," त्या म्हणाल्या, "पन एक कागद कोनी दिधा नही."

गावभरातून जेवण गेलं, कागद गेला नाही, हे खरंच होतं. मी पत्र आणि वही पुढे केली. भूमिकाने तारीख वाचली. सव्वीस ऑगस्ट. मग आजची तारीख तिच्या चेहऱ्यावर दिसली.

"फॉर्मची मुदत गेली, बाई."

"पुढच्या वर्षी उपयोगी पडेल."

"हो." तिने पत्राची घडी घालून कागदपत्रांच्या डब्यात ठेवली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तसल्या भांडणात मी हरत नाही.

"परत ये," मी म्हटलं. "कडी बसवून देते. डबे बंद करते. योगेंद्रचं नाव काढणार नाही."

"नाही यायची मी." मग वही मांडीवर ओढत, "तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का, राहायचंय का म्हणून?"

हा काय प्रश्न झाला? मी चहा संपलेला कप पुन्हा उचलला. एसटीची वेळ सांगितली. दहावीचं बोलले, आबांचं बोलले, जळगावच्या ऑफिसचं बोलले, मुलग्यांच्या क्लासचं बोलले. बोलता बोलता लक्षात आलं की ती माझं ऐकत नाहीये. रूपाची वही मांडीवर घेऊन बसली होती, लाल पेनने खुणा करत. तिसऱ्या पानावर थांबली.

"ही सगळ्यांचीच चूक आहे. चिन्ह बदलायचं विसरतात." आईकडे वळून म्हणाली, "आई, चष्म्याचा डबा दे गं."

चौदा पानं तपासून झाल्यावर तिने अटी सांगितल्या. मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, तोंडी नको. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलं. रोज सकाळी साडेसात ते सव्वाआठ, फोनवर, चित्रासकट. फोन बाईंनी धरायचा. वर्गात शाळेबाहेरचं कोणी नको. तासात बाईंनी बोलायचं नाही. खाली सही केली, तारीख घातली, पदनाम लिहिलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

१५ जानेवारी

आज सहावा दिवस. फोनला स्टँड आणतो म्हणून बोरसे सर मागे लागलेत. पण अटीत लिहिलंय, बाईंनी धरायचा. शिवाय मुली फळ्यावर गणित सोडवतात तेव्हा फोन त्यांच्यामागे हिंडवावा लागतो, स्टँडला ते कसं जमणार?

पंचेचाळीस मिनिटं हात वर. तिसऱ्या मिनिटाला खांदा दुखायला लागतो. दहाव्या मिनिटाला काहीतरी खोचक सुचतं, विसाव्याला आणखी चांगलं सुचतं. गिळते. आज आबा दारापर्यंत आले, म्हणाले, "सूनबाई, काय चालनं हे?" मी बोट ओठांवर ठेवलं. आबा चपला न वाजवता गेले. क्लासला जाणाऱ्या मुलग्यांपैकी दोघे आज एसटी चुकली म्हणून मागे येऊन बसले. एसटी समोर उभी होती, मी बघितली होती.

रूपा फळ्याशी होती. चौथ्या ओळीला अडली. मला ओळ दिसत होती, चिन्ह दिसत होतं, अगदी जिभेवर आलं होतं.

फोनमधून आवाज आला, "बाई, जरा डावीकडे. तिचा हात आड येतोय."

मी डावीकडे सरकले.